पुस म्हणजे ढकल

रंजनाला या सगळ्यातून मिळणार काय होतं, ते आधी मांडून घेऊ. एक खुर्ची. प्लॅस्टिकचीच, पण हातांची. तिच्या डोक्यावर पंखा, तिच्यासमोर फळा, आणि तिच्यात बसणाऱ्या बाईला दिवसभर 'मिस, मिस' म्हणणारी तीस पोरं. सुरतेत बमरोलीतल्या एका इंग्रजी शाळेच्या ज्युनियर केजीतली ही खुर्ची जूनमध्ये रिकामी होणार होती. तिच्याबरोबर फुटकळ लाभही होते. सकाळी घराबाहेर पडायला कारण, गावी सासूला फोनवर ऐकवायला एक वाक्य, आणि गळ्यात स्वतःचा फोटो असलेलं ओळखपत्र. अठ्ठावीस वर्षांत रंजनाच्या वाट्याला आलेली भांडी, साड्या, खोली, अगदी मोबाइलचं सिमकार्डसुद्धा कुणा ना कुणा पुरुषाच्या नावावर होतं. खुर्ची तिच्या नावावर होणार होती.

शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमचंही यात नुकसान नव्हतं. त्यांना रंजनाच्या वस्तीतली, नवागामची पोरं हवी होती. नवागामात पोरं भरपूर, आणि आईबापांना इंग्रजीची हाव त्याहून भरपूर. मॅडम म्हणाल्या होत्या, "शनिवारी दहा वाजता मी तुमच्याकडे येते. तुमच्या वर्गातली पोरं इंग्रजीत सांगितलेलं ऐकतात हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं, तर पोरंही माझी आणि तुम्हीही माझ्या."

म्हणजे सगळ्यांचाच फायदा. तोटा होणार होता एकट्या पांडुरंगचा, आणि पांडुरंगला तोट्याची सवय नव्हती.

वर्ग भरायचा तो एका चार मजली इमारतीच्या अगाशीवर. इमारतीच्या तळाला लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं खातं, वर कामगारांच्या खोल्या, सगळ्यात वर उघडी अगाशी. खाली छत्तीस लूम चालू असल्या की अगाशीवर माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ते बघावं लागतं. या इमारतीत नवरा-बायकोची भांडणंदेखील ओठ वाचून होत. रंजनाने आधी रीतसर पोरांना मांडी घालून बसवलं आणि ए फॉर ॲपल सुरू केलं. पोरं बसली, पण फरशीबरोबर थरथरत बसली. आठवड्याने बावीसपैकी दोघांना ॲपल आलं, आणि त्या दोघांनाही ते खायचं की लिहायचं ते ठाऊक नव्हतं. मग एके दिवशी वैतागून ती "जंप!" असं ओरडली आणि साडी सावरत स्वतःच उडी मारली. बावीस पोरांनी उडी मारली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत बडवलं. त्या दिवशी रंजनाला रस्ता सापडला. कानातून डोक्यात आणि डोक्यातून जिभेवर असा शब्दाचा लांबचा प्रवास तिने बंदच करून टाकला. शब्द कानातून थेट हातापायात. सिट, स्टँड, टर्न, रन. विचार करायचा नाही, करायचं.

कुठले शब्द किती दिवसांत बसले याचा हिशेब मजेशीर निघाला. 'क्लॅप'ला आठवडा लागला. 'स्माइल' तर शेवटपर्यंत धड बसलाच नाही. 'किक', 'पंच', 'स्लॅप' मात्र एका दुपारात पाठ. त्यांचा अभ्यास घरी आधीच झालेला होता. दोन महिन्यांत पोरांना चाळीस क्रियापदं आली, आणि त्यातली निम्मी मारामारीची.

खेळाचे नियम दोनच. हुकूम कुणीही सोडावा: मिसने, हेतलने, शेंबड्या दत्तूनेसुद्धा. शब्द कुणाच्या का तोंडातून येईना, तो दिसला की अंग हललं पाहिजे. पण थांबवायचं फक्त मिसने. तिने "स्टॉप!" म्हटलं की ज्या पायावर असाल त्या पायावर पुतळा.

एक उणीव होती. रंजनाच्या जिभेला 'श' नव्हता. खानदेशातून निघताना बाकी सगळं सामान बरोबर आलं, 'श' तेवढा मागे राहिला. वॉशचं 'वॉस' व्हायचं, पुशचं 'पुस'. प्रिन्सिपल मॅडमनी पहिल्या भेटीत हटकलं होतं.

"पुश बोलो, बेन. श. श."

"हां मॅडम. पुस."

मॅडमनी नाद सोडला. पोरंही खानदेशातली, त्यांनी 'पुस' तो तसाच, मिसच्या ओठांवर दिसला तसा उचलला. पुस म्हणजे एक पाय पुढे, दोन्ही तळहात समोर आणि सगळा जीव लावून ढकल. सरावाला अगाशीच्या कोपऱ्यात पाण्याचं भरलेलं पिंप होतं. हेतल पुढे, बाकीचे तिच्या मागे. सात वर्षांची ही हेतल शेजारच्या प्रमिलाबाईची नात. आईबाप पलसाण्याला मिलच्या खोलीत राहायचे, पोर आजीकडे. नाव गुजराती, बोली अहिराणी, आवाज भोंग्यासारखा. दोनशे लिटरचं पिंप ती बावीस पोरं अगाशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यायची, आणि पुन्हा परत आणायची.

आता पांडुरंग. हा इमारतीचा मुकादम, बुलढाण्याकडचा, अंगाने दारात मावणार नाही असा. खोल्या तोच भरायचा, लूमवर आणि मिलमध्ये माणसं तोच लावायचा. म्हणजे इमारतीतल्या प्रत्येकाची झोप आणि भाकर दोन्ही त्याच्या हाताखालून जायची. त्याची पद्धत अशी की आधी मारायचं आणि कारण मग सांगायचं. काशिनाथ नावाच्या लूमवाल्याने दोन वर्षांपूर्वी कारण आधी विचारलं. त्याच्या खांद्याचं हाड अजून जागेवर बसलेलं नाही, आणि तो पांडुरंगला एका हाताने नमस्कार करतो. पांडुरंगला तो चालतो.

रविवारी पांडुरंगच्या मुलखातून चौदा माणसं यायची होती. त्यांच्यासाठी अगाशीवर पत्र्याचं छप्पर घालायचं त्याने इमारतीच्या मालकाला, शेठला कबूल केलं होतं. म्हणून वर्ग बुधवारपर्यंत उठायला हवा होता. रंजनाने उठवला नाही. शनिवार तीनच दिवसांवर होता.

बुधवारी सकाळी तिचा नवरा रातपाळी करून घरी आला. त्याचं नाव दगा. त्याच्या आधीची तीन भावंडं दगावली म्हणून आईने ठेवलेलं. सुरतेत या नावाचा अर्थ वेगळा निघतो आणि मिलमध्ये त्यावरून रोज एक विनोद होतो, पण दगा मुळात गरीब माणूस. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये होता, त्या आठवड्यात मनगटांपर्यंत निळा. ही नोकरी पांडुरंगने लावलेली. पांडुरंगने त्याला जिन्यातच धरलं आणि तसाच अगाशीवर आणला. वर्ग चालू होता.

"दगा, हे अगाशी कोनाची?"

"तुमची, दादा."

"मंग तुह्या बायकोनं मले पुसलं होतं काय, पोट्टे जमवाच्या आंधी?"

दगाने बायकोकडे पाहिलं. तेवढ्या वेळात कानाखाली बसली.

"स्लॅप!" हेतल ओरडली.

तिचं काय चुकलं? तिला शब्द दिसला, तिने ओळखला. दगा भेलकांडून भिंतीला लागला, तसा पांडुरंगने गुडघ्यामागे पाय घातला, आणि आता हेतल एकटी नव्हती, सगळा वर्ग आनंदाने ओरडला, "किक!" दगा खाली बसला. "फॉल डाऊन!"

पांडुरंगचा हात हवेतच राहिला. आपली चेष्टा होतेय असं त्याला आधी वाटलं. मग लक्षात आलं आणि तो चक्क हसला. "आरं वा! पोट्टे हुशार हायेत वं बाई. आनखी काय काय येते?" आणि दगाची कॉलर धरून त्याला उभा केला, पोटात ठोसा घातला, आणि गुरुजींसारखा पोरांकडे वळून भुवया उंचावल्या.

"पंच," दोनतीन पोरं म्हणाली, हळू.

त्याने दगाचे केस धरले आणि मान मागे ओढली. "हे? हे काय होय?"

शब्द 'पुल' होता. पोरांना येत होता. एकही बोललं नाही. हेतलने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

"स्टॉप!" रंजना ओरडली.

बावीस पोरं पुतळा झाली. पांडुरंगला शब्द लागू नव्हता. त्याने दगाचं तोंड कठड्यावर दोनदा आपटलं, मग हात झटकले. "शुक्रवारी पत्रे येतेत. शनिवारी दुपारी खिळे ठोकतो. मंधात कोनी उभं दिसलं तं त्याच्यातूनच ठोकतो." आणि गेला.

दगाचा वरचा एक दात कठड्यावर राहिला. दत्तूने तो उचलून मिसला नेऊन दिला.

संध्याकाळी दगा जेवायला बसला, पण त्याला घास चावेना. त्याने ताट सरकवलं, उठला, आणि रंजनाच्या तोंडात मारली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याने हात उगारायची ही पहिली वेळ. त्याला मारता येत नव्हतं हे उघड होतं. अंगठा आत धरला होता, नेम चुकून निम्मी कानावर बसली. पण दुसरी बरोबर बसली, आणि तिसऱ्या वेळी तो रडत होता.

"तुन्ह्या पोरेस्नी माले इंग्रजीमा मार खावाडा!" तो म्हणाला. "इंग्रजीमा!"

रंजना ओट्याला धरून उभी राहिली. तोंडात रक्ताची चव होती आणि डोक्यात, तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, शब्द सुरू होते: स्लॅप. स्लॅप. क्राय.

प्रमिलाबाई वाटीत हळद घेऊन आली. ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, त्यामुळे तिच्या बोटांवर कायम चकाकी. गालाला हळद लावता लावता तिची टिकलीही लागली.

"सोडी दे ना माय तो वर्ग," ती म्हणाली. "तो रेडा शे. तुले मारी टाकी."

"शनिवारलोंग थांबसू, मावशी. फक्त शनिवारलोंग."

"आणि मग?"

"मग मी बमरोलीला. त्याले अगाशी, माले खुर्ची."

प्रमिलाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. सुजलेल्या गालाखाली रंजनाचा चेहरा अगदी शांत होता, भाव करून झालेल्या बाईसारखा. प्रमिलाबाईला ते आवडलं नाही, पण तिच्याही नातीला इंग्रजी शाळा हवी होती, म्हणून तिने वाटीत पुन्हा बोट घातलं. हळद तेवढी आणखी थोडी लावली.

शुक्रवारी पत्रे आले. पांडुरंगच्या माणसांनी ते अगाशीपर्यंत आणलेच नाहीत. जिन्याच्या वरच्या टप्प्याच्या अकरा पायऱ्या खाली वळणावर जी सपाट जागा होती, तिथे भिंतीला उभे टेकवून ठेवले, वीस-बावीस पत्रे, धारा बाहेर. त्या जिन्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत कठडा होता. पुढे बांधणाऱ्याला कंटाळा आला असावा. पोरं वर्गाला येता-जाता पत्र्यांना अंग चोरून जायची.

शनिवारी दहाला पाच कमी असताना मॅडम आल्या. त्या जिना चढून दमल्या होत्या, पत्र्याला त्यांची ओढणी अडकून फाटली होती, आणि चेहऱ्यावर परत जायचा विचार स्पष्ट होता. रंजनाने त्यांना उसनी आणलेली खुर्ची दिली. पोरांच्या आया आणि प्रमिलाबाई कठड्याशी रांगेत बसल्या, दगा त्यांच्या टोकाला उभा. तो यायला तयार नव्हता. पण बायकोने नुसतं बोट केलं होतं, जागा दाखवली होती, आणि बुधवारपासून तो तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. तिच्या गालाचं कुणी विचारलं नाही. पावडर पुरेशी होती.

"सिट!" बावीस पोरं बसली. "स्टँड! टर्न! जंप!" खाली लूम ठणठणत होत्या, आणि वर एकही पाय चुकत नव्हता. मॅडम आधी मागे रेलून बसल्या होत्या, मग सरळ झाल्या, मग पुढे झुकल्या. "रन! स्टॉप!" बावीस पोरं एकेका पायावर थिजली, दत्तूच्या नाकातला शेंबूडसुद्धा अर्ध्यावर थांबला. मॅडमनी टाळी वाजवली.

"सरस! बहु सरस!" आणि मग पर्समधून डायरी काढली. रंजनाने डायरी पाहिली. त्या क्षणी खुर्ची तिची झाली होती. फक्त लिहायची राहिली होती.

पांडुरंग दुपारची वाट न बघता जिन्यातून वर आला. त्याची माणसं खाली पिशव्यांतून खिळे-हातोडे काढत होती; तो एकटाच आला. वाटेत उभ्या असलेल्या दत्तूला त्याने मान धरून बादलीसारखा बाजूला ठेवला, आणि जिन्याच्या तोंडावर पाय फाकवून उभा राहिला, म्हणजे वर कुणी येऊ नये आणि खाली कुणी जाऊ नये. त्याच्या चपलांच्या टाचा शेवटच्या फरशीबाहेर आल्या होत्या. त्याच्या मागे अकरा पायऱ्या.

"बंद करा हे नाटक."

मॅडम उठल्या. "भाई, तमे कोण?"

त्याला गुजराती येत नव्हतं असं नाही, पण बाईमाणसाने प्रश्न विचारावा हेच त्याला कळलं नाही. उत्तर त्याने दगाला दिलं. "मी कोन? दगा! पुस तुह्या बायकोले, मी कोन हाय ते!"

त्याच्या मुलखात विचारण्याला पुसणं म्हणतात. खानदेशी माणूस 'इचारतो'. अगाशीवरच्या बावीस पोरांना जगात एकच पुस ठाऊक होता.

खांद्यांच्या बावीस जोड्या हलल्या. रंजनाने ते पाहिलं. पोरांचे डोळे पांडुरंगच्या तोंडावर होते. मग त्यातले काही, हेतलचे सगळ्यात आधी, मिसकडे वळले. नियम मिसचा होता. थांबवायचं मिसने.

दगाने मान खाली घातली. पांडुरंगचा आवाज चढला. लूमच्या गोंगाटात तो पोचला नाही, पण तोंड केवढं उघडलं ते सगळ्यांना दिसलं. "पुस ना बे! मुका झाला काय? पुस!"

बावीस उजवे पाय पुढे पडले. चव्वेचाळीस तळहात वर आले.

'स्टॉप' हा शब्द रंजनाच्या दातांमागे तयार होता. त्याला 'श' लागत नाही. तो म्हणायला अर्धा श्वास पुरतो, आणि तिच्याकडे पूर्ण श्वास होता. हेतल अजून तिच्याचकडे बघत होती, मान वळवून, तळहात समोर. रंजनाने त्या मुलीकडे पाहिलं, तिच्यापलीकडे त्या दोन टाचांकडे पाहिलं, मग डायरीकडे. तिने ओठ मिटले. हे नुसतं गप्प राहणं नव्हतं. तिने ते मिटले.

हेतलने मान पुढे वळवली आणि निघाली.

पांडुरंगला शेवटपर्यंत कळलं नाही. गुडघ्याएवढी पोरं अंगावर येताना बघून त्याच्या तोंडावर हसूच आलं होतं. पहिला धक्का पोटात बसला तेव्हाही तो हसतच होता; पण मागे बावीस जणांचं वजन होतं, रोज पिंप ढकलणारं, आणि त्याच्या टाचांखाली काही नव्हतं. तो मागे झुकला आणि हातांनी हवा चाचपली. हवेत त्याला हेतलचा फ्रॉक सापडला.

तो पाठीवर तिसऱ्या पायरीला लागला, डोकं पाचवीला, आणि नारळ फुटल्यासारखा आवाज लूमच्या आवाजातूनही वर आला. पुढे तो गडगडत गेला, पोर त्याच्या मुठीत, कधी तिच्यावर तो, कधी त्याच्यावर ती. खाली तो पूर्ण वजनाने पत्र्यांत शिरला. पत्रे सुटले. एकामागून एक, पत्त्यांसारखे, धारेवर. पहिल्याने त्याच्या मानेतून रक्ताची चूळ भिंतीवर उडाली, छातीएवढ्या उंचीवर. दुसरा मांडीत रुतला. तिसऱ्याखाली हेतलचा उजवा हात होता.

वर अगाशीवर एकवीस पोरं जिन्याच्या तोंडाशी हात पुढे करून उभी होती. पिंप हललं की मिस 'गुड' म्हणते. पोरं वाट बघत होती.

प्रमिलाबाईची किंकाळी कुणाला ऐकू आली नाही, पण सगळ्यांना दिसली. ती पायऱ्यांवरून बसत, घसरत खाली गेली आणि पत्रे उघड्या हातांनी ओढायला लागली. टिकल्यांच्या बोटांतून रक्त आलं; तिचं कुठलं आणि बाकीचं कुठलं, सांगता येत नव्हतं. दगा तिच्या मागे धावला. त्याने पांडुरंगची मूठ उघडायचा प्रयत्न केला. ती उघडेना, शेवटी त्याने दातांनी फ्रॉक फाडला, उरलेल्या दातांनी. खालून पांडुरंगची माणसं आली, त्यांनी हातोडे तसेच हातात ठेवले, आणि काय झालं ते न विचारता दगालाच बडवायला सुरुवात केली. एक खांद्यावर, एक जबड्यावर. काशिनाथ लूम बंद करून वर येईपर्यंत दगाचा जबडा एका बाजूला गेला होता. लूम थांबल्यावर इमारतीत कधी नव्हे ती शांतता झाली आणि पांडुरंगच्या गळ्यातला फुरफुर आवाज सगळ्या मजल्यांना ऐकू आला. एकशेआठची गाडी यायच्या आधी तोही थांबला.

मॅडम या गडबडीत केव्हा उतरल्या ते कुणी पाहिलं नाही. डायरी घेऊन गेल्या.

पोलिसांनी पोरांना खालच्या अंगणात रांगेत उभं केलं. साहेबाने हिंदीत विचारलं, "धक्का किसने मारा?" एकवीस पोरांनी हात वर केले, दोघांनी करूनही दाखवलं. साहेबाने टोपी काढून डोकं खाजवलं. एकवीस आरोपींच्या वयाची बेरीज दीडशेपर्यंत जात होती. वर जिन्याला कठडा नाही, हे शेठला कागदावर यायला नको होतं. पत्रे तिथे कुणी ठेवले, हे पांडुरंगच्या माणसांना सांगायचं नव्हतं. ज्याच्या त्याच्या सोयीची एकच गोष्ट उरत होती: माणूस पोरांच्या गर्दीत मागे सरला आणि पाय चुकला.

तरी एक गाठ राहत होती. पोरांना सांगितलं कुणी? म्हणून एक कॉन्स्टेबलबाई इस्पितळात हेतलकडे गेली. ही बाई धुळ्याकडची निघाली. हेतलच्या खाटेपाशी आजी होती, आणि पायथ्याशी रंजना.

"बेटा, मिसने सांगितलं का, ढकला म्हणून?"

"नई."

"मग मिस काय बोलली?"

हेतलने मिसकडे पाहिलं. ताप होता, डोळे लाल होते, पण नजर तीच, अगाशीवरची.

"मिस काहीच बोलनी नई," ती म्हणाली.

कॉन्स्टेबलबाईने लिहून घेतलं: शिक्षिकेने कोणतीही आज्ञा दिलेली नव्हती. खाली अंगठा घ्यायचा होता. उजवा हात पट्ट्यांत होता, म्हणून डाव्याचा घेतला.

बाई गेल्यावर प्रमिलाबाईने नातीचं पांघरूण सारखं केलं आणि मान वर न करता विचारलं, "तुन्हं तोंड कथं गयतं वं, रंजना?"

रंजनाने पिशवीतली मोसंबी स्टुलावर ठेवली. एक घरंगळलं, तिने ते उचलून पुन्हा ठेवलं, आणि बाहेर पडली.

मे महिन्यात मॅडमचा फोन आला. "उस दिन मैं वहाँ थी नहीं, बेन. समझी?"

"हां मॅडम."

"बच्चे आपके बहुत डिसिप्लिनवाले हैं. जून में आ जाना."

पोरांचे अर्ज रंजनानेच भरून नेले, बावीस. मॅडमनी एकेक चाळला आणि हेतलचा बाजूला काढून ठेवला. डॉक्टरांनी हात वाचवला होता, पण बोटं मिटत नव्हती, आणि पेन्सिल धरता येणं ही शाळेची अट होती. "इसका क्या करेंगे," मॅडम म्हणाल्या. तो प्रश्न होता. उत्तराला जागा होती. रंजना काही बोलली नाही. एकवीस अर्ज शिक्क्याखाली गेले. प्रमिलाबाईने टिकल्यांचं काम परत केलं, खोली सोडली आणि नातीला घेऊन गावी निघून गेली. जाताना तिने सगळ्या मजल्यांवर निरोप घेतला, रंजनाचं दार सोडून.

दगाला मिलने पुन्हा घेतलं नाही. तो आता घरी असतो, पातळ वरणभात खातो, आणि बायको दमून आली की तिला चहा करून देतो. विचारत काही नाही. रंजनाच्या वर्गातली पोरं सगळ्या शाळेत शहाणी म्हणून दाखवली जातात.

तेव्हा भरलं कुणी, ते असं: पांडुरंगने स्वतःचं भरलं, दगाने बायकोचं थोडं भरलं, आणि रंजनाचं बाकी सगळं भरलं ते सात वर्षांच्या हेतलने, उजव्या हाताने.